गिझरचा पाइप आणि सासूबाईंची आंघोळ

आनंदराजांना जिल्हा परिषदेत आवक-जावक टेबलावर बसून एकोणीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद हरवला नव्हता. (सापडायला वेळ लागला असेल, पण हरवला नव्हता.) त्यामुळे घरातलं कुठलंही काम ते बिनधास्त अंगावर घेत आणि त्यांची बायको रूपाली आधीच मिस्त्रीचा नंबर शोधून ठेवी.

या वेळी निमित्त साधं होतं. रूपालीची आई, सरजाबाई, डोळे तपासायला भोकरहून नांदेडला येणार होत्या, चांगल्या आठ दिवसांसाठी. आणि बाथरूममध्ये गॅसच्या गिझरखाली पाण्याचे पाइप भिंतभर आडवेतिडवे पसरले होते.

"आई बघून काय म्हणंल? ते पाइप गिझरच्या मागून घ्या ना."

"घेऊ की. त्यात काय," आनंदराज म्हणाले आणि पेपर वाचायला बसले.

त्यात काय, ते अजहर मिस्त्रीनं सांगितलं. "साहेब, मागून पाइप घ्यायचे तर गिझर भिंतीपासून चार इंच पुढं सरकवावा लागंल. दोन लाकडी पट्ट्या ठोकून त्याच्यावर बसवतो. पर मग धुराचा पाइपबी गिझरसंगं आत येतो. त्याचं तोंड भिंतीतच राहतंय, बाहेर निघत न्हाई."

"मग?"

"मग धूर बाथरूममधीच फिरंल. त्या धुरातल्या गॅसला वास नसतोय. मानूस झोपल्यावानी जातो, आवाजबी करत न्हाई. पाइप वाढवल्याबिगर पेटवू नका."

आनंदराजांना समजलं. जरा जास्तच समजलं. ते तडक निजामोद्दीनच्या पत्र्याच्या दुकानात गेले.

"किती वाढवू?" निजामोद्दीननं विचारलं.

"चार इंच." मग ऑफिसातली सवय आठवली. अंदाजपत्रकात नेहमी थोडं जास्त धरतात. "सहा करा." मग डोळ्यांसमोर सासूबाई आल्या. "असं करा, दीड फूट करा."

"साहेब, घरात गिझर हाय का पिठाची गिरणी?"

पाइप जोडला तेव्हा तो मागच्या भिंतीतून चांगला हातभर बाहेर आला. शेजारच्या गुरम्माबाईंनी पहिल्याच दिवशी त्यावर पायपुसणं वाळत घातलं. आनंदराजांनी ते काढून परत दिलं आणि आवक कशी, जावक कशी, जावक तुंबली तर काय होतं, हे त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. गुरम्माबाईंनी ऐकून घेतलं आणि पायपुसणं दोरीवर टाकलं.

सरजाबाई आल्या. बाई बोलकी. बसमधून उतरल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत त्यांनी भोकरची एकूण एक बातमी सांगितली. आनंदराज ऐकत होते, पण लक्ष सगळं सकाळच्या आंघोळीकडे होतं. सासूला ते मामी म्हणत आणि त्यांचा या बाईवर फार जीव होता. लग्नाच्या वेळी अख्खं घर 'कारकून नको' म्हणत असताना सरजाबाई एकट्या म्हणाल्या होत्या, "मानूस सादा हाय, देऊन टाका."

सकाळी रूपाली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि सरजाबाई लुगडं घेऊन बाथरूममध्ये गेल्या. आनंदराज हातात घड्याळ घेऊन बाहेर उभे राहिले.

दोन मिनिटं झाली. "मामी, बरं हाय ना?"

उत्तर नाही. नुसता पाण्याचा आवाज.

"मामी?"

दिवसभर बोलणारी बाई एक शब्द बोलेना. मग पाण्याचा आवाजही थांबून चार मिनिटं झाली. आनंदराज धावत घरामागे गेले आणि पाइपाच्या तोंडाशी हात धरला. ऊब नाही, वाफ नाही. पाइप थंडगार. म्हणजे जावक बंद, सगळा धूर आत. मानूस झोपल्यावानी जातो, आवाजबी करत न्हाई.

ते परत धावले, डोळे मिटले आणि खांद्यानं दाराला धडक दिली. दार प्लॅस्टिकचं होतं. ते चौकटीसकट आत गेलं आणि त्याच्यावर आनंदराज.

डोळे उघडले तेव्हा समोर सरजाबाई उभ्या होत्या. लुगडं नेसून, पदर घेऊन, केस पुसत.

"जावई, पडलाव का?"

आनंदराज दारावरच बसून राहिले. छातीवरचा दगड उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं. आवाज ऐकून रूपाली गच्चीवरून पळत आली, तर नवरा खाली बसून रडतोय आणि आई शेजारी उभी राहून त्याच्या डोक्यावरून हात फिरवतेय.

"मामी, मी एवढा आवाज देत होतो. तुम्ही बोलला का न्हाईत?"

सरजाबाई लाजल्या. उत्तर त्यांनी लेकीला दिलं. "अंगावर कपडा न्हाई आन् जावयासंगं बोलायचं? बरं दिसतंय का ते?"

"आणि गिझर? पाइप तर गार होता."

"त्याला म्या हातबी न्हाई लावला. म्या बाराई म्हैने गार पान्यानंच आंघोळ करते."

दुपारी अजहर मिस्त्री आला. पडलेलं दार बघितलं, पाइप बघितला, मग आनंदराजांचा सुजलेला खांदा बघितला. "दार यायला चार दिवस लागतील, साहेब. तवर धुराची काळजी करू नका. हवा लई झाली."

रूपालीनं दाराच्या जागी एक जुनी चादर लावली. रात्री तिनं आईला गॅसची सगळी हकीकत सांगितली. सरजाबाईंना रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराज निवांत आंघोळीला बसले. गिझर पेटला, पाणी कढत आलं, मागून पाइप वाफ टाकू लागला. आनंदराजांनी तोंडाला साबण लावला, तेवढ्यात चादरीच्या पलीकडून अगदी जवळून आवाज आला.

"जावई, बरं हाय ना?"

आनंदराजांनी तोंड उघडलं. अंगावर कपडा नव्हता. शब्द काही फुटेना.

"जावई?"

त्यांनी अंग चोरलं आणि तांब्या पोटाशी धरला.

"रूपाली, पळ गं. बोलत न्हाईत," सरजाबाई म्हणाल्या.

आणि या खेपेला मोडायला दारही नव्हतं.