सासूबाईंचा उंचवटा

"शिशाच्या विटांना टेकायचं नाही, तारांना पाय लागू द्यायचा नाही, आणि आई, हात जोडते, समितीच्या लोकांना काही म्हणजे काही विचारायचं नाही," सुनेने प्रयोगशाळेच्या दारातच बजावलं.

"श्वास घेतला तर चालेल ना? की त्यालाही अर्ज करावा लागतो?" सासूबाईंनी विचारलं.

सून यंत्राकडे वळली. आज तिला भांडायलाही सवड नव्हती. जो कुणी पाहिलेला नाही, जो सहसा कशाला धडकत नाही की कुठे थांबत नाही, असा एक कण पकडायला तिने हे यंत्र उभं केलं होतं. शिशाच्या विटांचं चिरेबंद घरटं आणि आत मुठीत मावेल एवढा स्फटिक. कण येऊन स्फटिकावर आपटला की पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येणार. इतकी वर्षं रेघ सपाट होती आणि सुनेचं म्हणणं असं, की सपाट आहे यातच कौतुक आहे. म्हणजे यंत्र स्वच्छ आहे. समितीला आज ते पटलं तर यंत्र बाहेरची किरणं पोचणार नाहीत अशा एका खोल खाणीत जाणार होतं आणि वर्षभर सूनही त्याच्याबरोबर. नाही पटलं तर विटा सुट्या करून दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार.

मुलगाही त्याच संस्थेत होता, पण तो यंत्राला हात लावत नसे. तो कागदावर कण शोधी. "तू जो पकडायला बसलीस तो मी कधीच सिद्ध केलाय," असं तो बायकोला जेवताना ऐकवी, आणि "मग आण ना धरून," असं ती त्याला. सासूबाईंच्या मते एकजण नसलेल्या उंदरासाठी पिंजरा बांधत होती आणि दुसरा त्याच उंदराची शेपूट मोजत होता. दोघांनाही यासाठी पगार मिळतो, याची लाज ना घेणाऱ्यांना, ना देणाऱ्यांना.

"पण तुम्ही तर मैत्रिणीकडे जाणार होतात," सुनेला आठवलं.

"ती घरी नव्हती."

मैत्रीण घरीच होती. सासूबाईच तिकडे गेल्या नव्हत्या. हल्ली चालताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, म्हणून कुणाला न सांगता त्या समोरच्या इस्पितळात हृदयाची तपासणी करून आल्या होत्या. तिथल्या पोरीने दंडात सुई टोचून कसलंसं औषध घातलं, एका यंत्राखाली झोपवून छातीची चित्रं काढली आणि सांगितलं, "भरपूर पाणी प्या, आणि आजचा दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नका." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरात लहान मुलं दोनच आहेत, आणि दोघांची चाळिशी उलटलीय." अहवाल उद्या मिळणार होता.

घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. हृदय हा शब्द एकदा घरात शिरला, की त्या घरात हुकूम कोण सोडतं ते बदलतं. शिवाय सुनेने खाणीत जायचं रद्द केलं असतं आणि सासू आडवी आली म्हणून प्रयोग बुडाला, असं उद्या चार लोक म्हणाले असते. सासूबाई आयुष्यात पुष्कळांना आडव्या आल्या होत्या, पण ठरवून. असं आजारी पडून आडवं येणं त्यांच्या तोऱ्यात बसत नव्हतं.

तेव्हा त्या निमूट स्टुलावर बसल्या. स्टूल नेमकं यंत्राच्या तोंडाशी होतं.

समिती आली, मागोमाग मुलगाही. अध्यक्ष असे होते, की प्रत्येक शब्द बोलून आपण समोरच्यावर उपकार करतो आहोत असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. पाहुण्यांना स्फटिक दिसावा म्हणून सुनेने शिशाचं पुढचं दार सरकवलं आणि पडद्याकडे बोट केलं. "बघा, दार उघडलं तरी रेघ कशी सपाट..."

रेघ सपाट नव्हती. आधी तिला टेंगूळ आलं, मग टेकाड, आणि बघता बघता चांगली टेकडी उभी राहिली.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे... हे असायला नको," सून पुटपुटली.

"असायलाच हवं!" मागून मुलगा किंचाळला. "हाच तो! मी सांगितलेल्या ऊर्जेवर!"

"तू याच्या दसपट ऊर्जा सांगितली होतीस," सून दात आवळून म्हणाली.

"ते जुनं सूत्र. त्यातलं एक पद मी बदलणारच होतो."

सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांना तहान लागली होती. त्या पिशवीतली बाटली काढून घटाघटा पाणी प्यायल्या आणि मग जे व्हायचं ते झालं म्हणून उठून स्वच्छतागृहाकडे गेल्या. इकडे टेकडी बसली. त्या परत येऊन स्टुलावर टेकल्या, टेकडी पुन्हा उभी राहिली. त्या पुन्हा पाणी प्यायल्या, पुन्हा उठल्या, टेकडी पुन्हा बसली.

"येतोय आणि जातोय!" मुलाने फळ्याकडे धाव घेतली. "अदृश्य द्रव्याचा वारा आहे हा! आणि वाऱ्याला झुळका असतात!" त्याने अर्धा फळा भरला. सासूबाई तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा त्याने उरलेला अर्धाही भरला. "झुळका लवकर लवकर येताहेत. म्हणजे वारा वाढतोय!"

"आई, जरा एका जागी बसाल का?" सून कुजबुजली. "लोकांचं लक्ष विचलित होतंय."

"आता तेही तुला विचारून?" सासूबाई म्हणाल्या.

समितीतले दोघे फळ्यापुढे तोंडाचा आ करून उभे राहिले होते. एकाने तर वर्तमानपत्रातल्या मेहुण्याला फोनही लावला. अध्यक्ष मात्र सुनेकडे वळले. "बाई, तुम्ही हे यंत्र स्वच्छ आहे म्हणून लिहून दिलंत. तुमच्या यजमानांचं खरं मानायला मला फळा पुरत नाही, पुरावा लागतो. तेव्हा मी तरी या टेकडीला यंत्रातली घाणच म्हणेन. आणि घाणेरडं यंत्र खाणीत नेऊन काय करायचंय? वरच ठेवा."

सुनेचा चेहरा उतरला. सासूबाईंचं डोकं सणकलं. सुनेच्या कामाला नावं ठेवायचा हक्क घरात एकाच माणसाला होता आणि तो त्यांनी कुणाला भाड्याने दिलेला नव्हता. पण विचारायचं नाही असं बजावलेलं. जीभ चावून त्या उठल्या. "मी जाते घरी. इथे बसले तर माझ्या तोंडून काहीतरी जाईल."

त्या तरातरा बाहेरच्या फाटकापाशी गेल्या आणि फाटकाने भोंगा वाजवला.

यंत्रं तपासायला या लोकांकडे किरणोत्सर्गी धातूच्या लहान लहान चकत्या असतात. त्यांना ते स्रोत म्हणतात आणि दागिन्यांसारखे कुलपात ठेवतात. कुणी स्रोत बाहेर नेऊ लागलं की फाटक बोंब मारतं. आत जाताना ते मुकं असतं, बाहेर पडताना वाचा फुटते. सुरक्षा अधिकारी हातात किरणं मोजायचं मापक घेऊन धावत आला.

"आजी, तिथेच थांबा! पिशवी खाली ठेवा!"

"आजी कुणाला म्हणतोस?"

"बाई, पिशवीत काय घेतलंय?"

सासूबाईंना अर्थ उमगायला क्षणभर लागला. उमगला तेव्हा आवाज भोंग्याच्याही वर गेला. "मी? मी चोरी केली? अरे, तुमच्या या भंगारात उचलण्यासारखं आहे तरी काय? शिशाच्या विटा नेऊ? उशाला घेऊ?"

पिशवीतून चष्म्याचं घर, कंगवा आणि पाण्याची बाटली निघाली. मापक गप्प. मग शाल काढायला लावली, मापक गप्प. चपला काढायला लावल्या, तरीही गप्प. मग त्याने मापक सासूबाईंसमोर धरलं आणि ते चवताळलेल्या मांजरासारखं फिसकारू लागलं.

"बाई, छातीपाशी काय लपवलंय?"

"जीव लपवलाय मेल्या! घेतोस?"

एव्हाना सगळं दालन फाटकाशी लोटलं होतं. अधिकारी सुनेकडे वळला. "मॅडम, तुमच्या पाहुण्यांनी स्रोत उचललाय. दालनाला सील लावावं लागेल. प्रयोग आत्तापासून बंद."

"कमाल आहे," अध्यक्ष म्हणाले. "घरची माणसं आणून बसवता, ती स्रोत खिशात घालतात आणि तुम्हाला पत्ता नाही. खाणीचं विसरा आता."

सून पांढरीफटक पडली होती. पण ती पुढे आली आणि सासूबाईंची शाल अधिकाऱ्याच्या हातून ओढून घेतली. "माझ्या सासूबाई माझ्या हातातून वस्तू हिसकावून घेतात. रोज घेतात. पण तोंडावर घेतात. चोरणाऱ्यातल्या नाहीत त्या. प्रयोग बंद करायचा तर करा, पण त्यांना आधी बसायला खुर्ची द्या."

मनातल्या मनात सासूबाईंनी त्या पोरीला एक शिवी हासडली. इतकी वर्षं उलटून बोलली ती बोलली, आणि नेमकी आजच चांगली वागायला निघाली! आता गप्प बसायची सोय राहिली नाही.

"खुर्ची नको," त्या तटकन म्हणाल्या. "चोरीबिरी काही नाही. सकाळी समोरच्या इस्पितळात गेले होते. छातीची तपासणी केली. त्यांनी दंडात काहीतरी टोचलं. झालं समाधान? लावा आता सील, माझ्या तोंडाला लावा!"

भोंगासुद्धा थांबला, कुणीतरी बंद केला असावा.

"कसली तपासणी?" मुलाने विचारलं.

"छातीची म्हटलं ना. बहिरा आहेस?"

सुनेने दोन्ही हात तोंडावर धरले होते. "आई, हृदयाच्या तपासणीला जे टोचतात ना, ते किरणं सोडतं. त्याचीच चित्रं काढतात. म्हणजे आजचा दिवस स्रोत... तुम्हीच आहात."

मुलाच्या हातातला खडू खाली पडला. "म्हणजे माझा वारा..."

"तुझा वारा पाणी पिऊन स्वच्छतागृहात जात होता," सून म्हणाली.

समितीतल्या ज्याने मेहुण्याला फोन लावला होता, तो खिशातला फोन काढत घाईघाईने कोपऱ्यात गेला.

अध्यक्षांच्या कपाळावर मात्र वेगळीच आठी पडली होती. त्यांनी विचारलं, "बाईंना यंत्रापासून जरा लांब उभं करता येईल? त्या भिंतीपाशी?"

"बाईंना आधी चोर म्हटल्याची माफी मागता येईल?" सासूबाई म्हणाल्या. "एकेकाने. रांगेत."

माफ्या झाल्या. अधिकाऱ्याने पहिली माफी मन लावून मागितली नाही म्हणून सासूबाईंनी ती परत पाठवली. मग त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. पडद्यावर छोटीशी टेकडी. दालनाच्या पार टोकाला गेल्या, तरी बारीकसं टेंगूळ. सुनेने शिशाचं दार लावून घेतलं आणि रेघ पुन्हा साफ सपाट झाली.

"दार उघडं असलं की एवढ्या लांबून ऐकतं," अध्यक्ष स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, "आणि लावलं की काहीच आत येत नाही." आणि बऱ्याच वेळाने, फार मोठे उपकार केल्यासारखं, "न्या खाणीत."

टाळ्या वाजल्या. मुलगा फळा पुसू लागला. सुनेला मात्र आनंद करायला वेळ नव्हता. ती सासूबाईंपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"किती दिवसांपासून दुखतंय?"

"हे बघ, याच्यासाठीच सांगितलं नव्हतं. तू मुकाट्याने खाणीत जा."

"यंत्र हलवायला अजून दोन महिने आहेत. उद्या अहवाल आणायला मी येणार."

"मुळीच नाही. एकटी गेले, एकटी आले, अहवालही एकटीच आणीन. मला काय धाड भरलीय?"

हे बोलताना त्यांचा आवाज एकदा, अगदी एकदाच, हलला. सुनेने तो ऐकला. तिने सुरक्षा अधिकाऱ्याला हाक मारली. "अहो, स्रोत बाहेर न्यायचा नियम काय आहे?"

"एकटा सोडता येत नाही," अधिकारी सवयीने म्हणाला. "पिवळी चिठ्ठी लावायची आणि जबाबदार माणूस सतत सोबत हवा."

"चिकटवा."

त्याने भीत भीत सासूबाईंच्या शालीवर पिवळी चिठ्ठी चिकटवली.

"आणि ही सोबत कधीपर्यंत?" सासूबाईंनी डोळे बारीक करून विचारलं.

"तसं बघितलं तर उद्या सकाळपर्यंत सगळं आपोआप..." अधिकाऱ्याने सुरुवात केली. सुनेने त्याच्याकडे पाहिलं. त्याने वाक्य फिरवलं. "म्हणजे, डॉक्टर सांगतील तोपर्यंत, बाई. नियम आहे."

आयुष्यात एकही नियम वाद घातल्याशिवाय न पाळलेल्या सासूबाईंनी एकदा अधिकाऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. धडधडीत खोटं बोलणारी माणसं त्यांना दुरून ओळखू येत.

"नियमच आहे म्हणतोस," त्या म्हणाल्या, "तर मग माझा इलाज नाही." आणि पिशवी सुनेच्या हातात दिली. "धर. आणि उद्या लवकर ऊठ, मी कुणासाठी थांबत नाही."