नानखटाईच्या रांगेतला गिअरबॉक्स

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे बायका नानखटाईचे ट्रे घेऊन बेकरीसमोर रांग लावत. त्या रांगेत शेजारचे देवरे काका टॉवेलात गुंडाळलेलं गिअरबॉक्सचं केसिंग घेऊन उभे असत.

"काका, हे फुगणार का?" बेकरीवाला विचारायचा.

"फुगणारच. म्हणून तर आणलंय!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. काका नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. घरी लग्नाच्याही आधीची मोटरसायकल. तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये कोणा मेकॅनिकनं हातोडीनं बेअरिंग ठोकलं आणि तडा गेला. दुसरं केसिंग मुश्किलीनं मिळालं. तेव्हापासून काका केसिंग भट्टीत सगळीकडून सारखं तापवत आणि बेअरिंग फ्रीजमध्ये गार करत. तापून केसिंग फुगे, गारव्यानं बेअरिंग आकसे, मग ते न ठोकता आपल्या जागी उतरे. माझा विश्वास बसेना, म्हणून मी व्हर्नियरनं मोजून पाहिलं. गरम आणि गार मापातला फरक केसाएवढाच होता, पण तो पुरत होता.

"जोर नको, धीर धरा," हे त्यांचं पालुपद.

"लोकांच्या फ्रीजमध्ये श्रीखंड असतं," काकू म्हणायच्या, "आमच्याकडे कोथिंबिरीशेजारी बेअरिंग!"

बोल्ट आवळायचे तेही समोरासमोरचे, थोडे थोडे. एकदा प्लंबरनं सोसायटीच्या पंपाचे बोल्ट एकेक करून गच्च आवळले. काकांनी ते सगळे ढिले केले आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा बसवले. तोवर अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खोळंबली.

पुढे काकूंचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. मी सोबत गेलो होतो. आजारपणानं काकूंच्या हातांना सूज आली होती आणि हिरव्या बांगड्या निघेनात.

"फोडाव्या लागतील," नर्स म्हणाली.

काकूंचा चेहरा उतरला. "आज नको गं," एवढंच त्या बोलल्या.

काका उठले. समोरच्या रसवंतीतून रुमालात बर्फ घेऊन आले. काकूंचा हात मांडीवर घेऊन बर्फ फिरवत राहिले, मग साबण लावला.

"मी काय बेअरिंग आहे का?" काकू म्हणाल्या.

"जोर नको. धीर धर."

नर्स दोनदा डोकावून गेली. काकांची बोटं बर्फानं लाल झाली होती. एकेक करत दोन्ही हातांतल्या बांगड्या निघाल्या.

काकूंना आत नेल्यावर काकांनी बांगड्या माझ्यापुढे धरल्या. "चष्मा घरी राहिला. बघ, तडा गेलाय का कुठे?"

मी प्रत्येक बांगडी उजेडात धरून, फिरवून पाहिली. तडा नव्हता.

"पिशवीत ठेवू का?" मी विचारलं.

"नको. गार आहेत अजून. सावकाश ऊब मिळू दे."

त्यांनी त्या दोन्ही हातांच्या ओंजळीत झाकून घेतल्या. मी चहा आणला, तो तसाच गार झाला. स्ट्रेचर बाहेर आलं, काकूंनी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे काकांनी ओंजळ उघडली.