वरची मूठ

भिकननाना दर महिन्याच्या वीस तारखेला सरकारला शिव्या देतात. इतर दिवशीही देतात, पण त्या किरकोळ. वीस तारखेच्या घाऊक असतात. त्या दिवशी जीएसटी भरला की संध्याकाळी पांढरी टोपी घालून ते आपल्या शेवेच्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहतात, भरल्याची पावती झेंड्यासारखी वर धरतात आणि सुरू होतात.

आधी जीएसटी. मग लाइट बिल. त्यातला स्थिर आकार वेगळा, वहन आकार वेगळा, कारण नानांच्या मते एकाच शिवीत दोन आकार बसवणं हा अन्याय आहे. मग गॅसची टाकी, नगरपट्टी, अन्न परवाना, कचऱ्याचे पैसे, तेलाचा डबा. समोरचा चहावाला त्या दिवशी दूध जास्त घेतो. जुन्या जळगावातली अर्धी गल्ली ऐकायला येते आणि पोट धरून हसते.

एकदा कोणीतरी विचारलं, "नाना, इतका राग येतो तर भरता कशाला?"

नाना म्हणाले, "भरस म्हनीसन बोलस!"

भरतो म्हणून बोलतो. हे त्यांचं ब्रीद. ज्याने भरलं नाही त्याने बोलायचं नाही, असा त्यांचा कायदा आहे आणि तो ते स्वतःच राबवतात. पलीकडचे कापडवाले शेठ एकदा चहा घेता घेता नानांच्या सुरात सूर मिसळून म्हणाले, "खरंच हो, सरकार लुटतं आपल्याला." नाना भाषण थांबवून ओट्यावरून खाली उतरले आणि शेठसमोर हात पसरून म्हणाले, "तुनी पावती दखाड." शेठ खिसे चाचपू लागले. "पावती नाही ना? मग चहा पी गपचूप. शिव्या माझ्यायत, कष्टाच्यायत."

नानांच्या दुकानावरची माडी म्हणजे माझं ऑफिस. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीवर माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट. ते फ्रेम करून लावलंय याबद्दल लोक काही बोलतात, बोलू देत. चोपड्याकडच्या आमच्या गावात माझ्या घराण्यातलं ते पहिलं सर्टिफिकेट आहे आणि माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होते तेव्हा मी ते मिळवलंय. छोट्या दुकानदारांचे रिटर्न भरणं हा माझा धंदा. खालून मिरचीची फोडणी आली की वर माझे डोळे झोंबतात, आणि वरून मी आकडा सांगितला की खाली नानांचे.

ते मला मॅडमबाई म्हणतात. मूळचे सोनगीरकडचे. हिशेबात असले की मराठी बोलतात, रागात आले की अहिराणी, आणि कुठल्याही सरकारी टेबलासमोर गेले की हिंदी. ती हिंदी ऐकून हिंदी भाषिकही मराठी शिकायला लागतील.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सुरतेला दिलेली. त्यामुळे नानांना बोलायला दोनच श्रोते, एक कढई आणि एक मी. लाइट बिल आलं की ते माडीवर येऊन मला मोठ्याने वाचून दाखवतात, एखाद्या वाया गेलेल्या पोराचं प्रगतिपुस्तक वाचावं तसे. "वहन आकार! मॅडमबाई, वीज माझ्या घरी वाहून आणली म्हणून पैसे. मी शेव गिऱ्हाइकाच्या तोंडापर्यंत वाहून नेऊ का? लावू का आकार?" तेल महागलं की ओट्यावर फळी लावतात आणि खडूने लिहितात, 'कळवण्यास दुःख होते की', आणि खाली शेवेचा नवा भाव.

तळणीचं तेल पुन्हा वापरत नाहीत. बेसनात दुसरं पीठ मिसळत नाहीत. मी एकदा म्हटलं, "नाना, अशाने तुमच्या हाती काय उरतं?" तर झाऱ्यातली गरम शेव माझ्यापुढे धरून म्हणाले, "हाई उरस. खा."

आता मुठीबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

नाना शेव तोलतात. काटा बरोब्बर मध्ये येतो. मग ते पुडी बांधायच्या आधी डब्यात हात घालून एक मूठ वर टाकतात. किलोवाल्याला एक मूठ, पाव किलोवाल्याला एक मूठ आणि वीस रुपयांची शेव घेणाऱ्यालाही एक मूठ. पॅकिंग मशीन विकणारा एक टायवाला माणूस नानांना समजावत होता, की सगळी शेव सीलबंद पाकिटात घाला, माल वाया जाणार नाही, भाव चढा मिळेल. नानांनी सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी पाजलं आणि विचारलं, "सील केल्यावर मूठ कुठून घालू?"

तर या मुठीने गेल्या वर्षी नोटीस आणली. जीएसटी खात्याच्या साहेबांनी नानांची खरेदी आणि विक्री शेजारी शेजारी ठेवली. इतकं बेसन, इतकं तेल घेतलं, तर इतकी शेव व्हायला हवी. विकलेली शेव कमी. मधली गेली कुठे? बिलाशिवाय विकली असणार. कर भरा, व्याज भरा, वर दंड भरा.

रक्कम अशी होती की नानांनी दिवाळीच्या बेसनासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले असते. दिवाळी गेली म्हणजे शेववाल्याचं वर्ष गेलं. पण नाना पैशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. नोटीस दोन बोटांत धरून माडीवर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माले चोर म्हनस तो?"

"चोर असं लिहिलेलं नाही नाना. तफावत लिहिलंय."

"चोरले कॉलेजमां घातं म्हंजे तफावत व्हस. मी आता ओट्यावर कोणत्या तोंडाने उभा राहू?"

सुनावणीच्या दिवशी मी फाईल घेऊन गेले. नाना पिशवी घेऊन आले. साहेबांनी विचारायच्या आत त्यांनी पिशवीतून तराजू काढून टेबलावर ठेवला, शेवेचा डबा उघडला आणि हिंदी सुरू केली. "साहब, हम शेव बेचते, शरम नहीं बेचते. बोलो, कितनी देऊ?"

साहेब तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "अहो काका, हे काय?"

"पाव किलो लो." नानांनी तोलली, काटा मध्ये आणला आणि मूठ वर टाकली. "ये देखो तफावत. इसका बिल नहीं होता."

ऑफिसात हसू पसरलं. साहेबही हसले आणि त्यांनी सवयीने दोन कांड्या तोंडात टाकल्या. नाना ताठ झाले. "अब पैसा दो. नहीं तो लाच होती." साहेबांनी खिशातून पैसे काढून दिले आणि नानांनी तिथल्या तिथे रीतसर बिल फाडलं. मूठ बिलात नव्हती.

माणूस चांगला निघाला. मला म्हणाला, "मॅडम, मला पटतंय, पण पटलं असं लिहून चालत नाही. तुम्ही एक दिवस दुकानात बसा. प्रत्येक मूठ वेगळी मोजा, सरासरी काढा, सही करून आणा. तेवढा माल फुकट दिला असं धरू. त्याच्या कच्च्या मालावर घेतलेली करसवलत सोडावी लागेल, ती किरकोळ आहे. दंड जाईल."

मी खूश झाले. दिवाळी वाचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन मी नानांच्या शेजारी स्टुलावर बसले. ठरलं असं, की मूठ आधी माझ्या काट्यावर आणि मग पुडीत.

नानांचा हातच चालेना. एरवी बोलता बोलता डब्यात जाणारी मूठ आता परीक्षेला बसल्यासारखी जात होती. कधी अर्धी, कधी सांडेल इतकी. शाळेच्या बाईंना बोटांच्या चिमटीतून इतकी थोडी दिली, की त्यांनी विचारलं, "नाना, तब्येत बरी आहे ना?"

मग कमळाबाई आल्या. गल्लीत चार घरची धुणीभांडी करतात. रोज वीस रुपयांची शेव नेतात, रात्री तिचीच पातळ भाजी करतात. नानांनी वीस रुपयांची तोलली आणि मूठ काढून माझ्या काट्यावर ठेवली. लाल आकडे लुकलुकले. कमळाबाईंनी ते आकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग नानांकडे.

"आते मूठबी मोजाले लागनात का नाना?"

नाना काही बोलायच्या आत त्यांनी पुडी उचलली. "ऱ्हाऊ द्या ती. मनाजोडे इतलाच पैसा शेतस." जवळ तेवढेच पैसे आहेत असं सांगून त्या गेल्या. मूठ काट्यावरच राहिली.

"कमळाबाई! ओ माय!" नानांनी हाक मारली. त्या वळल्या नाहीत.

नानांनी हात लांब करून काट्याचं बटण बंद केलं. "उचल हाई."

"नाना, दंड लागेल."

"दंड भरसू. मूठ मोजाव नही."

"मग मी अंदाजे आकडा टाकते. साहेबांना चालेल. कोण बघायला येतंय?"

"खोटं लिहशील? सर्टिफिकेट भिंतीवर लावून?" आवाज खाली आणून ते म्हणाले, "मॅडमबाई, मोजली म्हणजे ती मूठ राहत नाही. मग तो माल होतो. मालावर घ्या म्हणावं काय घ्यायचं ते. मूठ सरकारला दाखवायची नाही."

त्यांनी दंड भरला. त्या दिवाळीला अर्धीच शेव झाली. नेहमीची घाऊक गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. नानांनी ओट्यावर फळी लावली, 'कळवण्यास दुःख होते की', आणि पुढे काही लिहिलंच नाही.

वीस तारीख आली. टोपी घालून, एका हातात कराची आणि दुसऱ्या हातात दंडाची पावती धरून नाना ओट्यावर चढले. कापडवाले शेठ वाटच बघत होते. "नाना, दंड तर चोराला लागतो ना?"

चहावाल्याने ग्लास भरता भरता वर बघितलं.

"हो!" नाना गरजले. "लागला! आणि तोबी भरला. तू आजपर्यंत दंडबी भरला नाहीस, कारण तुला पकडायला तुझं नाव तरी कागदावर पाहिजे!" गल्ली अशी हसली की चहावाल्याच्या हातातला ग्लास पडला. त्या दिवशीचं भाषण नेहमीपेक्षा लांबलं. दंडासाठी नानांनी नव्या शिव्या तयार करून आणल्या होत्या. मी माडीच्या कठड्यावरून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, की या माणसाला कोणी हरवू शकत नाही.

गर्दी पांगल्यावर ते टोपी काढत वर बघून म्हणाले, "कमळाबाई दखायनी का तुले?"

दिसल्या नव्हत्या. काटा मांडला त्या दिवसापासून कमळाबाई दुकानात आल्याच नव्हत्या. मग माझ्या लक्षात आलं, की नाना भाषणभर गर्दीतली तोंडं का बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडताच नाना मला म्हणाले, "चल." कमळाबाईंचं घर नाल्यापलीकडे, पत्र्याचं. त्या दारातच भाकरीचं पीठ चाळत बसल्या होत्या. नानांना बघून गडबडून उठल्या. "नाना? तुमीन कशाले उनात?"

"दुकानवर काबर येत नही?" नानांनी उभ्याउभ्याच विचारलं. आवाज ओट्यावरचा होता. "राग उना ना मना? ते मशीन मनं नव्हतं. सरकारनं व्हतं."

"राग कसाना?" कमळाबाई म्हणाल्या. "दर महिनाले तुमीन बोलतस, मी रस्ताना त्या बाजूले उभी राहीसन ऐकस. लाइट, गॅस, बठ्ठं. लोके हासतस. माले हासू नही येत. त्या दिवशी मूठ मोजताना दखी ना, तई माले वाटनं, नाना आते बुडी ऱ्हायना. म्हनीसन नही उनी. मनामुळे तुमनं आनखी नुकसान काबर?"

इतकी वर्षं नाना ओट्यावरून ओरडत होते. गल्लीला ती करमणूक वाटत होती आणि खरं सांगायचं तर मलाही. त्यातला शब्दन् शब्द खरा मानून कोणी काळजीत पडलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बसा, च्या ठेवस," त्या म्हणाल्या. नानांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा कमळाबाई आत गेल्या आणि डब्यातून भाजलेल्या शेंगा घेऊन आल्या. नानांनी नको म्हणायच्या आत त्यांचा हात धरून त्यांनी शेंगा तळहातावर ठेवल्या आणि त्यांची बोटं वरून मिटली. "सोनगीरकडल्या शेतस. भाऊनी धाडेल शेतस. खा."

परत येताना नाना माझ्या शेजारून चालत होते. मूठ तशीच छातीशी धरलेली. खिशात टाकली नाही, खाल्ली नाही. दुकानापाशी आलो. त्यांचं शटर जड आहे, दोन्ही हातांनी उचलावं लागतं. नाना त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले, मग बाजूला सरकले.

"मॅडमबाई," ते म्हणाले, "आज तू उघड."

मी पर्स खाली ठेवली आणि शटर उचललं.