उभ्या ट्रकची थरथर

सोमवार, दिनांक ६ जुलै १९९८ रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नाशिकच्या पेठ रोडवरील शासकीय फळरोपे पुरवठा केंद्राच्या आवारात उभा असलेला केंद्राचा एकमेव ट्रक थरथरू लागला. धावता धावता थरथरला असता तर कुणी दखल घेतली नसती, कारण त्या रस्त्यावर न थरथरता जाणं कोणत्याच वाहनाला जमलेलं नव्हतं. पण हा ट्रक इंजिन चालू ठेवून जागच्या जागी उभा होता. त्याचे आरसे हलत होते, मागचा फाळका वाजत होता, आणि आत रचलेली आंब्याची चारशे कलमं माना डोलवत होती.

चालक रंगनाथ पगारे खाली उतरला. सोळा वर्षं तो हाच ट्रक चालवत होता, आणि घरातल्या माणसाचा खोकला ओळखावा तसा त्याचा आवाज ओळखत होता. त्याने बॉनेट उघडलं, डिझेलच्या नळीवरून बोट फिरवलं, बोट ओलं झालं आणि निदान संपलं. नळीच्या सांध्यातला तांब्याचा वायसर झिजला होता. तिथून डिझेलबरोबर हवा आत जात होती. गाडी वेगात असली की ते खपून जाई; उभी राहिली की इंजिनाला उचक्या लागत. वायसर चार आण्याच्या नाण्याएवढा. बसवायला एक पाना आणि वीस मिनिटं पुरेशी होती.

इथे रंगनाथने आपल्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक केली. तो आत जाऊन हे सांगून आला.

वाहन शाखेत तृप्ती मॅडम बसत. वाहन एक होतं आणि त्याची शाखा तीन टेबलांची होती. बाई मनाने चांगल्या, पण नियमाने पक्क्या.

"रंगनाथभाऊ, वायसर मिळेल. पण आधी बिघाड पाहिजे."

"बिघाड हाय ना, मॅडम. हा काय, खुर्चीत बसून ऐकू येतोय तुम्हाला."

"तो झाला आवाज. बिघाड म्हणजे निदान झालेला. आणि निदानाचे अधिकार वर्ग दोनला. तुम्ही वर्ग तीन. तुम्हाला फक्त संशय येऊ शकतो."

"मंग संशय लिहा."

त्यांनी लिहायला घेतला. नमुना क्रमांक सतरामध्ये वाहनाच्या स्थितीचे दोनच रकाने होते: 'चालू' आणि 'बंद'. चालू वाहनाला दुरुस्ती देता येत नव्हती. बंद वाहनाला देता येत होती, पण त्याची तपासणी ते चालू करून पाहिल्याशिवाय करायची नव्हती. मॅडमनी बराच विचार करून दोन्ही रकान्यांत अर्धी अर्धी खूण केली आणि कागद मोठ्या साहेबांकडे पाठवला.

मोठे साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. चिकूच्या खोडकिडीवर त्यांचा अधिकार होता आणि अर्ध्या खुणा त्यांना खपत नसत. त्यांनी प्रकरणाचं गांभीर्य ओळखून त्याच दुपारी 'वाहन थरथर निदान समिती' स्थापन केली. अध्यक्ष स्वतः. सदस्य म्हणून बांधकामाचे एक उपअभियंता, ट्रक थरथरतो आहे की त्याच्याखालची जमीन हे ठरवण्यासाठी. शिवाय लेखाधिकारी, कारण लेखाधिकाऱ्यांशिवाय समिती होत नाही. यांत्रिकी शाखेचं कुणी नव्हतं. ते पद १९९१ पासून रिक्त होतं, आणि रिक्त पदाला बैठकीची नोटीस बजावता येत नाही. पहिली बैठक २८ जुलैला ठरली.

कलमांना हे कळवूनही उपयोग नव्हता. ती सुरगाण्याच्या बाजूला डोंगरातल्या पाड्यांवर जायची होती आणि आठवडाभरात सुकली असती. रंगनाथने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी ट्रक द्वारका चौकातल्या लखनच्या गॅरेजसमोर उभा केला. लखन दुसऱ्या गाडीखाली झोपला होता. तिथूनच ओरडला, "रंगनाथभाऊ, हवा घेतीये तुमची गाडी! वायसर बघा." लखनला कोणताच वर्ग नव्हता, त्यामुळे त्याचं निदान पडल्यापडल्या झालं.

वीस मिनिटांनी ट्रक असा गुरगुरायला लागला की रंगनाथला लाड करावेसे वाटले. कलमं डोंगरात पोचली. पाड्यावरच्या फुलाबाईंनी एकेका कलमाची पानं चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "यंदा जित्ती आणलीस रे, दादा. मागल्या साली नुसत्या काड्या आल्या व्हत्या." परत येताना सावळ घाटात रंगनाथ शीळ घालत होता. विषय मिटला, असं त्या भाबड्या माणसाला वाटलं.

२८ तारखेला समिती आवारात आली. उपअभियंता खास नांदगावहून आले होते. त्यांनी जमिनीवर पाणसळ ठेवून जमीन निर्दोष असल्याचं सांगितलं. मग साहेबांनी खूण केली आणि रंगनाथने इंजिन सुरू केलं. ते एका सुरात चालत राहिलं. समितीने पाच मिनिटं माना तिरक्या करून ऐकलं.

"बिघाड कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"गेला, साहेब."

"गेला? कुणाच्या आदेशाने?"

"न्हाई, म्हंजे नीट झालं. वायसर टाकला."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचा आवाज चढला नाही, हे वाईट लक्षण होतं. "पगारे, या बिघाडावर शासनाने समिती नेमली. सदस्य प्रवास करून आले. आता बिघाड मुळात नव्हता असं धरलं, तर तुमची तक्रार खोटी. होता असं धरलं, तर समितीसमोर प्रलंबित असलेला पुरावा तुम्ही नष्ट केला. दोन्हींना निलंबन आहे. कोणतं लिहू?"

निलंबन झालं की मुख्यालय बदलून देत, आणि या खात्यात ते नेहमी सिरोंच्याला देत. इथे फुलेनगरात रंगनाथच्या दोन खोल्या, बायको चंद्रभागाचं शिवणकाम, मुलगी सरिता नववीत, पहिल्या पाचात येणारी. एका वायसरपायी हे सगळं गुंडाळून राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं, असा हिशोब तो मनात मांडत होता. तेवढ्यात तृप्ती मॅडम पाण्याचा ट्रे घेऊन त्याच्या बाजूने गेल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "रंगनाथभाऊ, बिघाड परत आणा."

"साहेब," रंगनाथ म्हणाला, "थंड इंजिनात न्हाई दिसत तो. जरा गरम होऊ द्या."

तो बॉनेटमध्ये वाकला आणि नळीचा बोल्ट अर्धा आटा सैल केला. ट्रक एकदा खाकरला आणि आरशांपासून फाळक्यापर्यंत थरथरू लागला. समितीच्या चेहऱ्यावर जीव आला. उपअभियंत्यांनी तर रंगनाथशी हात मिळवला.

आता थरथर मोजायची कशी, हा प्रश्न आला. लेखाधिकाऱ्यांच्या हातात चहाचा काचेचा ग्लास होता. तो त्यांनी काठोकाठ भरून घेतला, बॉनेटवर ठेवला आणि घड्याळ लावलं. मिनिटभरात तीन बोटं चहा सांडला. तीन बोटं ही नोंद तिघांच्या सह्यांनिशी मुख्यालयाला गेली.

ऑक्टोबरात मुख्यालयाचं उत्तर आलं. तीन बोटं ही थरथर मर्यादेबाहेर असल्याने वाहन निर्लेखित करून भंगारात काढण्यात यावे. वाहनासोबत चालकाचे पद संपुष्टात येईल. चालकास सिरोंचा येथे सामावून घेण्यात येईल. ही मर्यादा कुणी, कधी ठरवली होती, हे पत्रात नव्हतं. निर्लेखनाआधी एक अंतिम मोजणी मात्र घ्यायची होती. रंगनाथने त्या सकाळी बोल्ट किंचित आवळला. मोजणीत दीड बोटच चहा सांडला.

साहेबांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "पगारे, समितीने या वाहनाला अजून हातही लावलेला नाही."

"न्हाई, साहेब."

"म्हणजे केवळ पाहणीने सुधारणा झाली."

'केवळ पाहणीने पन्नास टक्के सुधारणा' हे वाक्य मुख्यालयाला फार आवडलं. निर्लेखन थांबलं आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मोजणी घेण्याचे आदेश निघाले. रंगनाथला आता आपलं काम नीट समजलं. एका बोटाच्या खाली गेलं तर बिघाड नाहीसा केल्याचा ठपका. दोन बोटांच्या वर गेलं तर सिरोंचा. दीड बोटावर त्याचा संसार उभा होता. महिनाभर तो बोल्ट घट्ट आवळून डोंगरात कलमं पोचवी आणि मोजणीच्या आदल्या संध्याकाळी सैल करी. चंद्रभागा म्हणायची, "अहो, लोकं गाडी नीट कराया पाना घेत्यात." तो म्हणायचा, "लोकांची गाडी सरकारी नस्ती."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण पद्धत यशस्वी झाली. मोजणीत सातत्य राहावं म्हणून सन २००० मध्ये मुख्यालयाने ट्रक जागेवरून हलवण्यास मनाई केली. त्याच्यावर पत्र्याची शेड आली. रोज दोन तास उभ्यानं इंजिन चालवायचं आणि बंद करायचं, एवढंच काम उरलं. कलमं पिंपळगावच्या एका भाड्याच्या टेम्पोतून जाऊ लागली. टेम्पोही थरथरत होता, पण तो खासगी असल्याने कुणी मनावर घेतलं नाही. उघड्या टेम्पोत वारं लागून कलमांच्या पुन्हा काड्या झाल्या. फुलाबाईंच्या पाड्यावरून तशी तक्रार आली. 'रोपे' या विषयासाठी समिती नसल्याने ती दप्तरदाखल झाली. ते कळलं त्या दिवशी रंगनाथला जेवण गेलं नाही. त्याला मनापासून लाज वाटली.

इतर जिल्ह्यांतून अधिकारी 'नाशिक पद्धत' पाहायला येऊ लागले. २००३ मध्ये केंद्राला नवा कोरा ट्रक मिळाला आणि त्यावर देवळ्याकडचा केरू नावाचा चालक आला. पहिल्याच मंगळवारी त्याच्या बॉनेटवरचा चहा थेंबभरही सांडला नाही. रकान्यात आकडा नाही म्हणून अहवाल परत आला आणि केरूला कारणे दाखवा नोटीस निघाली. तो घाबराघुबरा होऊन रंगनाथकडे धावला.

"दादा, मनी गाडी तं हालतच नही! नवी शे ना ती. आते मी काय करू?"

रंगनाथने उसासा टाकून पाना उचलला आणि त्याला अर्धा आटा शिकवला. त्या वर्षी केरूच्या गोपनीय अहवालात 'अत्युत्कृष्ट' असा शेरा पडला.

३१ मे २००६ रोजी रंगनाथ निवृत्त झाला. त्याने मनाशी एकच ठरवलं होतं: जाताना गाडी नीट करून जायची. मग कुणी काही म्हणो. जेवणाच्या सुट्टीत आवार रिकामं असताना त्याने नवा वायसर बसवला आणि बोल्ट आवळला. इंजिन पुन्हा पूर्वीसारखं गुरगुरलं. आरसे स्थिर झाले. रंगनाथ बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

तृप्ती मॅडम पदभाराची यादी घेऊन आल्या. जॅक, एक. ताडपत्री, एक, फाटकी. स्टेपनी, एक. पाने, सहा, पैकी दोन गहाळ. पाचव्या ओळीवर रंगनाथ थांबला. 'बिघाड, एक नग, चालू स्थितीत.'

"मॅडम, हा न्हाई देता येणार. आत्ताच नीट केला."

मॅडमनी ट्रकचा आवाज ऐकला आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. "रंगनाथभाऊ, आठ वर्षं तो साठा नोंदवहीत चढलेला आहे. कमी भरला तर वसुली निघेल. तुमचा पेन्शनचा कागद अडकेल. कधी सुटेल, मी सांगू शकत नाही."

"नीट गाडी दिली म्हणून?"

"बिघाड दिला नाही म्हणून."

फाटकापाशी चंद्रभागा आणि सरिता हार-पेढे घेऊन उभ्या होत्या. सरिताला नाशिकमध्येच शिक्षिकेची नोकरी लागली होती. रंगनाथने त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं. मग पाना मागितला आणि बोल्ट अर्धा आटा सैल केला. ट्रक थरथरू लागला आणि रंगनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता दोन साक्षीदार लागतील," मॅडम म्हणाल्या. "कार्यालयाबाहेरचे. प्रतिष्ठित नागरिक."

लिंबाची रोपं घ्यायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांनी पहिली सही केली. दुसरं कुणी मिळेना. शेवटी मॅडम रस्त्यावर गेल्या आणि त्यांनी जाणाऱ्या एका गृहस्थांना थांबवलं. कपड्यांवरून सुशिक्षित दिसत होते. घाईत होते.

"कसला कागद आहे?"

"काही नाही, नेहमीचंच."

ट्रक त्यांच्यापासून दहा पावलांवर थरथरत होता. गृहस्थांनी तिकडे कान दिला. "नोझल गेलंय वाटतं," ते म्हणाले, "या सरकारी गाड्यांचं कुणी काही बघतच नाही." मग यादीवर नजरही न टाकता त्यांनी सही केली आणि ते निघून गेले.

रंगनाथला पेन्शन वेळेवर मिळालं. ट्रक अजून शेडमध्ये आहे. नव्या नियमाप्रमाणे बिघाड सुस्थितीत राखण्याची जबाबदारी चालकाबरोबरच साक्षीदारांवरही येते. मास्तर वारले आहेत, आणि दुसरी सही घाईत केल्यामुळे कुणाची ते वाचता येत नाही. त्या मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तुम्ही पेठ रोडने गेला होतात का, जरा आठवून पाहा.