ऑरॉन मोठा की केल्विक?

"या वेळी मशीन मी स्वतः जोडणार," असं जाहीर करून गिगाकाकांनी बायकोच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

बायकोने एकदा स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "बरं," म्हणाली आणि हात पुसून वर्तमानपत्र उघडून बसली. इतक्या सहज होकार मिळाला तेव्हा खरं तर काकांना शंका यायला हवी होती, पण शंका काकांच्या स्वभावातच नव्हती.

गिगाकाकांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. वर 'ऑरॉन' या प्रोसेसर कंपनीची भलीमोठी पाटी. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि मेंदू म्हणजे ऑरॉन, असं काकांचं गेली अठरा वर्षं ठाम मत होतं. कंपनीच्या मालकाला नसेल एवढी खात्री काकांना होती. साधा माउस घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा ऑरॉनच्या सोळा कोअरचं माहात्म्य ऐकूनच बाहेर पडायचं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, 'केल्विक'ची पाटी होती आणि तिच्याखाली काकांचा सख्खा मेहुणा बसायचा, बायकोचा धाकटा भाऊ. तो सांगायचा की ऑरॉन इतका तापतो की त्याच्यावर कपड्यांना इस्त्री करून घ्यावी. काका सांगायचे की केल्विक थंड राहतो, कारण तो कामच करत नाही. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य साऱ्या रस्त्याला पाठ होतं.

अशात शेजारच्या गल्लीतल्या आर्किटेक्ट बाईंना एकदम बारा मशीनं हवी झाली. न बांधलेल्या इमारती पडद्यावर बांधून दाखवायचं त्यांचं काम, त्यामुळे प्रोसेसर दणकट हवा. दोन्ही दुकानदारांनी त्यांचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी त्या म्हणाल्या, सोमवारी अकराला दोघांनी एकेक मशीन घेऊन या. माझ्या चाळीस मजली टॉवरचं चित्र जो आधी पुरं करेल, त्याला ऑर्डर.

बाईंच्या ऑफिसातून बाहेर पडताना मेहुण्याने काडी टाकलीच. "भावोजी, जो हरेल त्याने आपली पाटी उतरवायची. कबूल?"

"आजच शिडी आणून ठेव," काका म्हणाले. "तुला लागेल."

आता अडचण एवढीच होती की अठरा वर्षं काका फक्त बोलत आले होते. मशीन जोडायची बायको, मागच्या खोलीत. काकांनी खोकं आत द्यायचं आणि तासाभराने तयार मशीन बाहेर घ्यायचं, असा शिरस्ता. पण बायको शेवटी शत्रूची बहीण. रोज दुपारी काका डुलकी काढत, तेव्हा दोन ते चार ती भावाकडे जाऊन बसायची. आजवर काकांनी ते मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र पाटीचा प्रश्न होता. तोंडावर घरभेदी म्हणायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी नुसता स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

रविवारी दुपारी डुलकी रद्द करून काका कामाला बसले. प्रोसेसर जागेवर बसला. त्यावर त्यांनी उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, वर पंख्याचा कूलर ठेवला, चार स्क्रू पिळले. बटण दाबताच मशीन चालू झालं. यात काय एवढं कठीण असतं, असं त्यांनी बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःला विचारलं. बायकोने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

सोमवारी तीही बाईंच्या ऑफिसात आली. दोघांतला जो हरेल त्याला घरी आणायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. ती भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली आणि बाईंनी दोन्ही मशीनं सुरू केली.

पहिले आठ मजले झपाट्याने उभे राहिले. ऑरॉन दोन खिडक्यांनी पुढे होता आणि काका बाईंना कारणं समजावून सांगत होते. नवव्या मजल्यावर ऑरॉन रेंगाळला. काकांनी हळूच शेजारी पाहिलं, तर केल्विकही दहाव्यावर दम खात होता. दोन्ही पंखे घोंगावायला लागले. तापमानाचे आकडे लाल झाले. अकराव्या मजल्यावर ऑरॉन विझला आणि काकांचा श्वास परत यायच्या आत केल्विकही विझला.

"वीज गेली वाटतं," काका म्हणाले.

वरचे सगळे दिवे लख्ख जळत होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मशीनं उघडायला सांगितली. दोन्ही दुकानदार आपापले खिसे चाचपू लागले, तेव्हा बायको उठली. पर्समधून तिने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि ऑरॉनचा कूलर उचलला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली होती, उष्णता अडवून. तिच्यावर लाल अक्षरांत छापलं होतं, 'बसवण्यापूर्वी काढा'. मग तिने केल्विकचा कूलर उचलला. तिथेही तीच फिल्म, तीच लाल अक्षरं.

काकांना आधी आनंदच झाला. "तुला एवढंही ठाऊक नाही?"

"तुम्हाला होतं ठाऊक?" मेहुणा म्हणाला.

"माझी मशीनं मी कुठे..." काका अडखळले.

"मग माझी तरी मी कुठे जोडतो? ताई जोडते. दुपारी, दोन ते चार. या वेळी म्हटलं, ती पडली तुमची बायको. विश्वास कसा ठेवायचा?"

काकांचे कान गरम झाले. अठरा वर्षं ज्या केल्विकला त्यांनी भर रस्त्यात नावं ठेवली, तो एकूण एक बायकोच्या हातचा होता. आणि तिने कधी शब्दाने सांगितलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. कुठे बघावं हे न कळून ते चाळीस मजली टॉवरच्या कागदी नकाशाकडे बघत राहिले.

बाईंनी खुर्ची ओढून बायकोला समोर बसवलं. "आता तुम्हीच सांगा, खरा चांगला कोणता?"

"दोन्ही चांगले आहेत हो. पण तुमच्या कामाला एवढं महागडं मॉडेल कशाला? गेल्या वर्षीचं कुठलंही घ्या, मेमरी दुप्पट टाका. आणि ते खिडकीतलं टेबल आधी हलवा. उन्हात काहीही तापणारच."

"बारा मशीनं किती दिवसांत द्याल?"

"आठ. फक्त मध्ये कुणी मदत करायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच शिडीवर दोन्ही पाट्या उतरल्या. हरले दोघेही होते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. मेहुण्याने भावोजींची शिडी धरली, मग भावोजींनी मेहुण्याची.

काका हात झटकून गल्ल्यावर बसतात न बसतात तोच एक गिऱ्हाईक आलं. "काका, तुम्ही यातले जाणकार. ऑरॉन घेऊ की केल्विक?"

उत्तर अठरा वर्षं काकांच्या जिभेच्या टोकावर बसलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते मागच्या खोलीकडे वळले.

"थांबा," ते म्हणाले, "विचारून सांगतो."