मुर्डिया इराणी जहाजावर

मुर्डियाचं मडकं जागेवर नाही हे विबेन्नाला कळलं, तो दिवस नेमका तळ्यात भरवलेल्या समुद्रयुद्धाच्या खेळाचा होता. मुर्डिया, त्याची बायको, जाऊन आठ दिवस झाले होते. खेळाच्या जहाजांच्या फटी बुजवण्याच्या कामातून त्याला घरी जायला सवड नव्हती. म्हणून तिच्या अस्थी मडक्यात भरून, झाकण डांबराने बंद करून, त्याने त्या खेळाच्या सामानाच्या वखारीतच ठेवल्या होत्या. उद्या नवव्या दिवशी त्या कबरीत ठेवायच्या होत्या.

वखार मुर्डियाचा धाकटा भाऊ रुस्का सांभाळायचा.

"रुस्का, इथलं मडकं कुठाय?"

"राखेचं ना, दाजी? खेळासाठी राखेने भरलेली मडकी होती ना, त्यांच्याबरोबर सगळी इराण्यांच्या जहाजावर चढवली. शत्रूच्या डोळ्यांत फेकायला."

"अरे, एकात तुझी बहीण होती!"

"तरीच एक जड लागलं."

खेळात अथेन्सने जिंकायचं आणि इराणने बुडायचं, हे ठरलेलं. विबेन्नाने होडी हाकत इराणी जहाज गाठलं. तिथला म्होरक्या डामा आणि त्याची माणसं फाशीचे कैदी होते; खेळात त्यांना खरोखरच लढून मरायचं होतं.

"डामाभाऊ, मडकी फेकू नका. एकात माझी बायको आहे."

"आम्ही सगळे आज मरणार, आणि तू बायको शोधतोयस? शोध. पण आधी आमचं शिरस्त्राण घाल, नाहीतर आमचेच लोक तुला कापतील."

डांबराचं झाकण दिसलं. विबेन्नाने मडकं छातीशी धरलं, तेवढ्यात अथेन्सचं जहाज येऊन धडकलं. मडकं हातातून सुटून पाण्यात पडलं आणि सरळ तळाशी गेलं.

मग त्याचा तोल सुटला. हमसून हमसून रडत त्याने उरलेली सगळी मडकी अथेन्सवाल्यांवर फेकली. ते डोळे चोळत बसले आणि डामाच्या माणसांनी त्यांचं जहाज ताब्यात घेतलं. इराण जिंकलं! काठावरचे प्रेक्षक बाकांवर चढून नाचायला लागले.

काठावर रुस्का म्हणाला, "रडू नका, दाजी. झाकण तुम्ही बंद केलंय, थेंब आत जायचा नाही. संध्याकाळी तळं रिकामं करतात. चिखलातून काढू ताईला."

एवढ्यात खेळाचे मालक धावत आले. "शाबास! तळ्यातलं पाणी बाहेर सोडू नका रे! महिनाभर रोज हाच खेळ. आणि तू, ते रडणं अगदी तसंच ठेव."

"मालक, माझी बायको पाण्यात आहे हो!"

"वा! हेही ओरड."

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांनी रिकाम्या कबरीपाशी बसून नवव्या दिवसाच्या विधीची मसूर खाल्ली. विबेन्ना तेव्हा लढत होता. तो रोज लढतो, रोज जिंकतो. मुर्डियाला अजून पुरलेलं नाही.