काहीच न गाळणारी

बत्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी चावीवाल्यांना एका आवाजानं जाग आली. गंजलेल्या कुलुपात चुकीची किल्ली घालून कुणीतरी जोर लावतंय, असा आवाज. ते दचकून दाराकडे बघत राहिले. (जन्मभर कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाला आधी चोरच आठवतो.) दार बंद होतं. शेजारी बायको डोळे मिटून पडली होती. म्हणजे घोरणारी हीच!

त्यांनी उशाशी टेपरेकॉर्डर आणून ठेवला, बटण दाबलं, आता पुन्हा सुरू होईल म्हणून वाट बघत आडवे झाले, आणि त्यांचाच डोळा लागला. संध्याकाळी कॅसेट थोडी पुढे सरकवून लावली, तर घर्रर्र! लगेच बंद करून त्यांनी ती हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली. भांडायचं नव्हतं त्यांना. पुरावा हाताशी असावा, एवढंच.

त्या पुराव्याची वेळ गेल्या महिन्यात आली. बायकोनं त्यांची खाट बाहेरच्या खोलीत काढली.

"तुमच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या."

"माझ्या? घोरतेस तू!"

"मी उभ्या जन्मात घोरले नाही."

बाहेरच्या खोलीत चावीवाल्यांना झोप येईना. झोपेत सवयीनं हात पुढे केला की भिंत लागायची. हे बायकोला सांगायची सोय नव्हती. पुरावा दाखवून आत जाणं त्यामानानं सोपं होतं. पण कॅसेटची फीत यंत्रात गुंतायला लागली होती. म्हणून त्यांनी ती जावयाकडे दिली. जावई आवाजाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होता. "आत काय आहे ते ऐकायचं नाही," अशी अट घातली.

आज सकाळी जावयाचा फोन आला.

"बाबा, दोन लायब्रऱ्यांमधून काढून तुमच्या फोनवर पाठवलंय."

"लायब्ररीत कशाला गेलात?"

"पुस्तकांची नाही हो. आवाज साठवायचं तयार सॉफ्टवेअर असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. दोन्ही ओपन सोर्स आहेत. म्हणजे आतलं सगळं उघडं, कुणीही बघावं, कुणीही वापरावं. फुकट."

उघडं आणि फुकट! चावीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ज्याला कुलूपच नाही त्याचा भरवसा कसा धरायचा?"

"उघडं आहे म्हणूनच धरायचा. हजार लोक तपासतात."

"हजार लोकांनी आतून बघितलेलं कुलूप मी कुणाच्या दाराला लावलं नसतं. बरं, दोघींत फरक काय?"

"एक हलकी आहे. मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज आपल्याला कळत नाहीत, ते ती गाळून टाकते. दुसरी काहीच गाळत नाही, पण जड आहे."

"न विचारता गाळते?" चावीवाल्यांचा आवाज चढला. "मग ती हलकी नकोच मला. जड असली तरी दुसरीच बरी. सांभाळीन मी तिला. आणि हे बघा जावईबापू, तुमच्या सासूबाईंना यातलं काही कळता कामा नये."

फोन ठेवून वळले, तर दारात त्याच सासूबाई. हातात घडी घातलेले टॉवेल.

"कोण हलकी?"

"अगं, लायब्ररी."

"लायब्ररीत भेटता?"

"भेटतोय कुठला? ती फोनमध्ये आहे."

"आणि दुसरी?"

"तीही फोनमध्येच. पण दोघींतली मी जड ठेवली."

"ठेवली!" टॉवेल खाली पडले. "या वयात ठेवली! आणि मला कळता कामा नये!"

चावीवाल्यांचा बेत खरं तर वेगळा होता. संध्याकाळी लेक-जावयासमोर पुरावा मांडायचा आणि मानानं आत जायचं. (खात्री इतकी, की त्यांनी सकाळीच आपली उशी आतल्या पलंगावर नेऊन ठेवली होती.) पण आता इलाज नव्हता.

"बस इथे. तुझंच घोरणं आहे यात. बत्तीस वर्षं जपलंय मी."

"माझं?" तिनं डोळे बारीक केले. "लावा."

फोनवर दोन नावं दिसत होती. बोट आधी हलकीवर गेलं आणि थबकलं. जी गुपचूप गाळते तिच्या हाती पुरावा द्यायचा? छे! त्यांनी जड लावली. आवाज पुरता चढवला.

घर्रर्र! खोली दणाणली. चावीवाल्यांनी हनुवटी वर करून बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती. जिंकलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात त्या घरघरीच्या खालून एक बारीक आवाज वर आला. त्या जुन्या टेपरेकॉर्डरनं तो कधीच ऐकवला नव्हता. तरुण, झोपाळलेला, ओळखीचा.

"अहो... कुशीवर वळा ना."

घरघर थांबली. खाट करकरली. जरा वेळानं पुन्हा घर्रर्र.

"अहो, वळा बरं... हं. झोपा, झोपा. दमलात."

चावीवाले ते बंद करायला गेले, पण बोट काही नेमकं लागेना. आणखी चारदा 'अहो' झालं. शेवटच्या 'अहो'मध्ये तर नुसता सुस्कारा होता. जड लायब्ररीनं तोसुद्धा गाळला नव्हता.

"हलकीच बरी होती," ते पुटपुटले.

बायको उठली. आत गेली. आतल्या पलंगावरची त्यांची उशी घेऊन आली, ती त्यांच्या मांडीवर ठेवली, अभ्र्याची सुरकुती हातानं नीट केली, आणि आत निघून गेली.